चार आज्या, एक कुत्रं

सातवी ब ला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना मुलं 'मुद्देबाई' म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. तेवढी छाती वर्गात एकाचीही नव्हती. पण नाव चपखल होतं. कुणी काहीही सांगायला गेलं की बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत आणि विचारत, "मुद्दा काय?" पेन हरवलं, पोट दुखतंय, शेजारच्यानं चिमटा काढला, कशालाही हाच प्रश्न. मुद्दा सांगितला की दुसरा प्रश्न तयार असे, "पुरावा?" पोटदुखीचा पुरावा कसा द्यायचा हे सतरा वर्षांत कुणालाच जमलं नव्हतं. त्यामुळे बाईंच्या तासाला पोटं दुखत नसत.

दर गुरुवारी शेवटचे दोन तास जोडून निबंधाचे असत. आठवड्यातले बाकीचे तास म्हणजे गाळलेल्या जागा भरा आणि काळ बदला. ती बाईंच्या लेखी नोकरी होती. गुरुवार मात्र त्यांचा होता. निबंधाचे परिच्छेद पाच. पहिल्यात आपलं म्हणणं, दुसऱ्या-तिसऱ्यात त्याची कारणं, पुराव्यासकट. चौथ्यात समोरच्याची बाजू, आणि पाचव्यात तिला उत्तर. यातला चौथा परिच्छेद म्हणजे बाईंचा जीव की प्राण. "समोरच्याची बाजू अशी मांडा," त्या सांगत, "की त्यानं वाचून म्हणावं, अरेच्चा, हे तर मलासुद्धा सुचलं नव्हतं!" आणि आपली बाजू कोणती हेही मुलांनी ठरवायचं नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या असत. जी हाताला येईल ती बाजू आपली. अदलाबदल बंद.

याचे परिणाम घरोघरी दिसत. बेकरीवाल्याच्या मुलानं 'रविवारी आंघोळीला सुट्टी असावी' हा निबंध आईला मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. चौथ्या परिच्छेदात त्यानं आईची बाजू इतकी जोरात मांडली की पाचवा परिच्छेदच सुचेना, आणि तो मुकाट्यानं टॉवेल उचलून आत गेला. सगळीकडे इतकं गुण्यागोविंदानं मिटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरांच्या मुलीनं तिच्या मामाला, तो शाळेत कायम पहिला यायचा याचा पुरावा मागितला, चारचौघांत. तेव्हापासून मामानं येणं कमी केलं आणि मुलीच्या आईनं मुख्याध्यापकांकडे जाणं वाढवलं.

मुख्याध्यापकांचं मुलांनी ठेवलेलं नाव 'बघू सर'. पंखा बंद पडला, बघू. नळ गळतोय, बघू. माणूस अतिशय सज्जन, फक्त होय आणि नाही या दोन शब्दांशी त्यांचं जन्माचं वाकडं होतं. एका सोमवारी त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं. टेबलावर गुळगुळीत चकचकीत वेष्टणाचं एक पुस्तक होतं आणि सरांची नजर पुस्तक सोडून सगळीकडे फिरत होती.

"शाळा समितीचं पत्र आलंय," सर खिडकीला म्हणाले. "गुरुवारचे जोडतास बंद करावेत आणि त्याऐवजी या पुस्तकातले पंचवीस निबंध पाठ करून घ्यावेत, असं अध्यक्षांचं म्हणणं आहे."

"पाठ?"

"पुलापलीकडच्या शाळेत तसंच करतात म्हणे. त्यांना निबंधात दहापैकी नऊ पडतात. आपल्याला सहा. मुलांना काय लिहू, काय लिहू असं होत नाही. शिवाय इंग्रजीची भीती जाते."

बाईंना संताप आला. पण सवय वाईट असते. डोक्यात आपोआप अध्यक्षांच्या बाजूचा चौथा परिच्छेद तयार व्हायला लागला, आणि तो चांगला होत होता, याचा त्यांना आणखीच राग आला. त्यांनी पुस्तक उघडलं. पहिलाच निबंध 'माझी आजी'. आजी प्रेमळ होती, तिचे केस पांढरे होते आणि ती गोष्टी सांगे. बाईंनी पुस्तक मिटलं.

"पुढच्या शुक्रवारी बैठक आहे," सर म्हणाले. "तुमचं काय म्हणणं असेल ते लेखी द्या."

"मी कशाला? मुलंच देतील. या गुरुवारी हाच विषय. निबंधाचा तास चालू ठेवावा की बंद करावा. चाळीस मुलांचे चाळीस कागद समितीपुढे ठेवा. तास कशासाठी आहे ते आपोआप कळेल."

"बघू," सर म्हणाले. म्हणजे चालेल.

गुरुवारी डबा फिरला. वीस चिठ्ठ्या 'चालू'च्या, वीस 'बंद'च्या. तिसऱ्या बाकावर टाचणी बसायची. हे नाव तिला वर्गानं दिलं होतं. अंगानं बारीक, आणि बोलली की टोचणारी. तिनं चिठ्ठी उघडली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. ती उठून बाईंच्या टेबलाशी आली.

"बाई, मला बदलून द्या ना. फक्त आजच."

"मुद्दा काय?"

"मला 'बंद' आलीय. आणि मला हा तास आवडतो."

"मग तर काम सोपं झालं," बाई म्हणाल्या. "जे आपल्याला आवडतं त्याची दुखरी जागा आपल्यालाच नेमकी ठाऊक असते. जा, लिही."

टाचणीनं त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर वितळली असती. मग ती जागेवर गेली, जीभ दातांत धरली आणि मान खाली घालून लिहीत सुटली. घंटा व्हायच्या आधीच तिनं कागद पालथा करून टेबलावर ठेवला आणि मागे न बघता बाहेर गेली.

रविवारी सकाळी बाईंच्या घरी जेवणाच्या टेबलावर गठ्ठा आला. सासूबाई पोस्टात टपाल निवडण्याच्या कामावर तेहतीस वर्षं होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांच्या बोटांना ते अजून कळलं नव्हतं. चाळीस कागद हजेरी क्रमांकानं लावून त्यांनी दोन मिनिटांत पुढे सरकवले आणि चहाचा कप ओढला.

'चालू'वाल्यांनी बाईंवर स्तुतीचा नुसता पाऊस पाडला होता. 'आमच्या बाई फार प्रेमळ आहेत,' एकानं लिहिलं होतं. बाईंनी समासात लिहिलं, 'पुरावा?' 'बंद'वाले बिचारे बिचकत होते. दोन तास बसून पाठ दुखते, एवढ्यावर त्यांची गाडी अडली होती. मग टाचणीचा कागद आला. बाईंनी वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"काय गं, पांढरी का पडलीस?" सासूबाईंनी विचारलं.

बाईंनी इंग्रजीतून आपल्या भाषेत करत करत वाचून दाखवलं. "'हा तास बंद करावा, कारण या तासात चाळीस जण बसतात आणि सहा जण लिहितात. बाकीचे त्या सहांचं मधल्या सुट्टीत उतरवून घेतात. पुरावा. मागच्या महिन्यात विषय होता, आमच्या घरातली शूर व्यक्ती. त्या महिन्यात आमच्या वर्गातल्या चार आज्यांना कुत्रं चावलं. चारही आज्यांना दवाखान्याच्या वाटेवर, चारही आज्यांना डाव्या पायाला. हे एकच कुत्रं आहे. बाईंनी चारही कागदांवर छान असं लिहिलं. ज्या तासात बाईंना चोरी ओळखू येत नाही, त्या तासाला काय अर्थ आहे?'"

सासूबाईंना चहाचा ठसका लागला. हसून हसून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. बाईंना मात्र कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं होतं. कारण ते खरं होतं. चारही आज्या त्यांना आठवत होत्या, चारही 'छान' आठवत होते, आणि चार कागदांमध्ये दुसरे दहा-दहा कागद गेल्यामुळे कुत्रं एकच आहे हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"चौथा परिच्छेदच नाहीये," बाई पुटपुटल्या. तिसऱ्या आणि पाचव्याच्या मध्ये चार बोटं जागा कोरी होती. त्यांनी तिथे लाल शाईनं लिहिलं, 'समोरची बाजू कुठे आहे?' आणि खाली आकडा घातला, आठ. आठ हा आकडा त्यांनी सतरा वर्षांत दोनदाच घातला होता.

"हा कागद काढून टाक," सासूबाई आता गंभीर झाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची. एकोणचाळीस काय, चाळीस काय, कोण मोजतंय? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तशी आहे ही पोरगी तुझी."

"तिनं नाही केलं, आई. मी तिला ती चिठ्ठी दिली."

"मग चिठ्ठीनं केलं. पण तास जाईल ना तुझा?"

बाईंनी कागद काढला. वर्तमानपत्राखाली सरकवला. भाजी चिरली, नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावलं, बाल्कनीतले कपडे काढले, आणि प्रत्येक वेळी टेबलाजवळून जाताना वर्तमानपत्राकडे बघितलं. दुपारी त्यांनी तो पुन्हा बाहेर काढला. मुलांना सतरा वर्षं सांगायचं की समोरच्याचा सगळ्यांत जोरदार मुद्दा लपवू नका, आणि आपल्यावर वेळ आली की तोच मुद्दा वर्तमानपत्राखाली? त्यांना स्वतःची लाज वाटली. कागद हजेरी क्रमांकानं होता तिथे, अठ्ठावीस नंबरला, परत गेला.

"हात दाखवून अवलक्षण," सासूबाई म्हणाल्या. पण फाईलची दोरी त्यांनीच घट्ट बांधून दिली.

शाळा समितीचे अध्यक्ष फर्निचरचे व्यापारी होते. टेप कायम गळ्यात, चष्मा कायम कपाळावर. इंग्रजी ते मोठ्यानं वाचत. मनातल्या मनात वाचलेलं त्यांना पटत नसे. शुक्रवारच्या बैठकीत त्यांनी पहिले दहाएक कागद भराभर उलटले, मधले काही जांभई देत सोडले, आणि अठ्ठावीस नंबरवर त्यांचं बोट थांबलं. ते वाचत गेले. डाव्या पायापर्यंत त्यांचे खांदे हलायला लागले. एकाच कुत्र्यापाशी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई," ते डोळे पुसत म्हणाले, "आज्या चार, कुत्रं एक, आणि चारही ठिकाणी तुमचं छान! अहो, ते कुत्रं थकलं असेल हो."

बाकीचे दोन सदस्य मनसोक्त हसले. बाईही कसनुसं हसल्या.

"राग मानू नका. तुमची मेहनत मी नाकारत नाही. पण मुलं चोरतातच, तर निदान चांगलं इंग्रजी तरी चोरू देत. छापलेलं, तपासलेलं. ही मुलगी कोण आहे? हुशार आहे. मला पटलं तिचं. पुढच्या महिन्यापासून जोडतास बंद."

बाईंनी सरांकडे बघितलं. सरांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा 'बघू' म्हणायची गरज होती, आणि नेमकं तेव्हाच ते काही बोलले नाहीत.

शनिवारी सकाळी बाईंनी वर्गाला सरळ सांगून टाकलं आणि तासाऐवजी येणारं पुस्तकही टेबलावर ठेवलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती, आणि शाळेत तशीही बातमी घंटेच्या आधी पोचते. एकोणचाळीस माना हळूहळू तिसऱ्या बाकाकडे वळल्या. टाचणी पुस्तकाच्या कोपऱ्याची गुंडाळी करत बसली होती. ती रडत नव्हती, पण तिचा रंग उडाला होता.

"कुणीही तिला काही बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "तिनं खरं लिहिलं. खोटं चौघांनी लिहिलं आणि मूर्खपणा मी केला." त्यांनी कागद वाटले. टाचणीचा कागद तिच्यापुढे ठेवताना त्या जरा थांबल्या. "चौथा परिच्छेद का नाही लिहिलास?"

"चार ओळींत मावत नव्हता," टाचणी म्हणाली. "आणि... बाई, तो लिहिला असता तर माझा निबंध हरला असता. चिठ्ठी 'बंद'ची होती."

बाई नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "अपुरा निबंध मी घेत नाही. सोमवारपर्यंत पुरा करून आण. ओळी लागतील तेवढ्या घे."

"तुम्ही मुद्दे सांगाल?"

"नाही."

"एकसुद्धा?"

"माझ्याच तासाची वकिली मीच केली तर तिला काय किंमत? मी एक शब्द सांगणार नाही." मग त्यांनी टेबलाच्या खणातून किल्ली काढली. "मागच्या महिन्याचे निबंध कपाटात आहेत. पुरावा लागला तर बघ."

मधल्या सुट्टीत बाई शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसल्या आणि मुद्दाम पाठमोऱ्या बसल्या. तरी कान होतेच. कपाटाचं दार कुरकुरलं. थोड्या वेळानं व्हरांड्यात टाचणीचा आवाज आला, "ए, तुझ्या आजीला खरंच चावलं का? खरं सांग. मी बाईंना सांगणार नाही. म्हणजे लिहिणार आहे, पण सांगणार नाही." बाईंना हसू आलं.

सोमवारी कागद आला. कागद नव्हे, तीन कागद. बाईंनी वाचले, घडी घातली, आणि मंगळवारी शाळा सुटल्यावर टाचणीच्या आईला फोन करून टाचणीला बरोबर घेतलं. दोघी फर्निचरच्या दुकानात पोचल्या तेव्हा अध्यक्ष गुडघ्यांवर बसून एका कपाटाची खोली मोजत होते. लाकडाचा आणि पॉलिशचा वास दुकानभर होता.

"या बाई, बसा. खुर्च्यांची इथे कमी नाही," ते म्हणाले. "आणि ही?"

"अठ्ठावीस नंबर," बाई म्हणाल्या. "तिचा निबंध अपुरा होता. अपुऱ्या निबंधावर तुम्ही निकाल दिलात, ती चूक माझी. चौथा परिच्छेद घेऊन आलोय."

अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद धरला आणि टेपवरचे आकडे वाचावेत तसं प्रत्येक शब्दावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. कामावरचा सुतार रंधा थांबवून ऐकू लागला; त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण मालक हसतात की नाही ते बघायचं होतं.

टाचणीनं लिहिलं होतं ते असं. 'आता समोरची बाजू. कुत्रं एकच होतं हे खरं. ते औषधाच्या दुकानदाराच्या मुलाच्या आजीला चावलं. ते छोटं आणि पांढरं होतं आणि आजी रस्त्यात खाली बसली. दुसऱ्यानं ते उतरवून घेतलं. पण बाई समासात 'मग पुढे?' असं लिहितात, ते त्याला आठवलं. म्हणून त्यानं कुत्रं मोठं आणि तपकिरी केलं आणि आजीला उभं ठेवलं. तिसऱ्याला वाटलं, कुत्र्याला मालक असणारच. मालक संत्री घेऊन माफी मागायला आला, आणि आजीनं संत्री परत केली. मी कपाटातले चारही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. आमच्या वर्गात चोरीसुद्धा जशीच्या तशी करता येत नाही.'

अध्यक्ष खुदकन हसले. सुतारही हसला.

'तयार निबंधांच्या पुस्तकातही आजी आहे,' ते पुढे वाचू लागले. 'ती प्रेमळ आहे आणि तिचे केस पांढरे आहेत. आम्ही चाळीस जणांनी ती पाठ केली तर चाळीस जणांची आजी एकच होईल, आणि तिच्यात कुणी काही बदललं तर मार्क जातील. आमच्या आज्या चारच होत्या. पण त्या चार होत्या.'

तिसरा कागद आला. अध्यक्षांचं बोट हळू झालं.

'चौथा निबंध ट्रकवाल्यांच्या मुलीचा. तिच्या आजीनं पायातली चप्पल काढून कुत्र्याला चौकापर्यंत पळवलं. मग ते लंगडतंय असं दिसलं, तेव्हा तिनंच त्याच्या पायाला पट्टी बांधली. मी तिला विचारलं, तुझी आजी एवढी शूर आहे? ती म्हणाली, मला आजी नाही. दोन्हीपैकी एकही नाही, मी बघितलेलीच नाही. मी म्हटलं, मग बाबांवर का नाही लिहिलंस? ती म्हणाली, बाबा मला दिसतात. आजी असती तर कशी असती ते बघायचं होतं. हे लिहू का असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, लिही, पण चप्पल राहू दे. गुरुवार बंद झाला तर ती हे कधी बघणार?'

अध्यक्षांनी कागद खाली ठेवला. बाई खुर्चीच्या हाताकडे बघत होत्या. त्या चौथ्या कागदाच्या समासात त्यांनी काय लिहिलं होतं ते त्यांना लख्ख आठवत होतं. 'छान. आजीला माझी शाबासकी सांग.' सोमवारपासून ते वाक्य त्यांच्या मनातून जात नव्हतं आणि आत्ता, एका परक्या माणसाच्या दुकानात, त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"काय गं," अध्यक्ष शेवटी म्हणाले, "मागच्या आठवड्यात तू मला पटवलंस की तास बंद करा. आज पटवतेयस की करू नका. मी कुणावर विश्वास ठेवायचा? तुझं स्वतःचं म्हणणं नेमकं काय?"

"तेव्हा मला चिठ्ठी आली होती, काका," टाचणी म्हणाली.

"आणि आज?"

"आज मी चिठ्ठी काढलेली नाही."

अध्यक्षांनी गळ्यातली टेप काढून हाताभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. चांगला व्यापारी माप चुकलं की कबूल करतो. नाहीतर कपाट दारातून आत जात नाही. त्यांनी शेवटच्या कागदाची पाठ उलटली, कानावरची सुताराची पेन्सिल घेतली आणि लिहिलं, की जोडतासांबाबतचा ठराव मागे घ्यावा. खाली सही केली. मग काहीतरी आठवून मान वर केली.

"पण बाई, चोरी ती चोरीच. चौघांना शिक्षा झाली पाहिजे. एवढं मात्र माझं ऐका."

"शिक्षा होणारच," बाई नाक ओढत म्हणाल्या. "मला ते तुम्ही सांगायला नको."

बुधवारी बघू सरांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला, खिडकीकडे न बघता बाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "होय." मग स्वतःच दचकले.

गुरुवारी सातवी बमध्ये डबा निघाला नाही. बाईंनी चौघांना उभं केलं. चौघंही फरशीकडे बघत उभे राहिले. औषधवाल्याचा मुलगा तर उगाचच, त्याचा गुन्हा एवढाच की त्यानं कागद उघडा ठेवला होता.

"तू खाली बस," बाई त्याला म्हणाल्या. "पुढच्या वेळी कागद झाकून ठेव. आणि आजीचा पाय बरा आहे का?"

"हो बाई."

"तुम्ही दोघं," त्या पुढच्या दोघांकडे वळल्या. "तुम्हाला आपापल्या आज्या आहेत ना? जिवंत, धडधाकट? मग दुसऱ्याची कशाला लागते? आज दोन तास, आपापली आजी. तिला कुत्रं चावलं नसेल तर काय चावलं ते लिहा. काहीच चावलं नसेल तर ती चिडते कशावर ते लिहा. उतरवलेलं सापडलं तर मी तिला भेटायला घरी येईन."

दोघं घाईघाईनं बसले. बाकीच्या वर्गालाही तोच विषय मिळाला. उभी राहिली ती ट्रकवाल्यांची मुलगी. तिची मान आणखी खाली गेली होती. बाई तिच्या बाकापाशी गेल्या, तिचा जुना कागद त्यांच्याच हातात होता, तो त्यांनी तिच्यापुढे ठेवला.

"तू तुझी आहे तीच पुढे लिही," बाई म्हणाल्या. "कुत्र्याला पट्टी बांधून ती घरी आली. तू दारात होतीस. मग?"

मुलीनं वर बघितलं. ती खाली बसली, पेनचं टोपण काढलं आणि लिहायला लागली. अर्धा तास, तास, दीड तास. वर्गात चाळीस पेनांचा आवाज होता, आणि टाचणीनं दोनदा मागे वळून बघितलं म्हणून बाईंनी तिला दोनदा दटावलं. घंटा झाली. मुलं दप्तरं आपटत, बाकं सरकवत बाहेर पडली. बाई गठ्ठा गोळा करत शेवटच्या बाकाशी आल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

मुलीनं कागद छातीशी घट्ट धरले.

"बाई, थांबा ना," ती म्हणाली. "ती आत्ताशी कुठे घरात आलीय."

बाई तिच्या पुढच्या बाकावर बसल्या, गठ्ठा मांडीवर घेतला आणि थांबल्या.